उंदरांचा ल्युकेमिया आणि लुडविक ग्रॉस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विषाणूंमुळे कर्करोग होतो का, या विषयावर बोलणं निघालं की प्रश्न साधारण तेच येतात. शाळकरी मुलं विचारतात ते आणि आजोबा-आजी विचारतात ते यांत फारसा फरक नसतो. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे उत्तरांसह देतो आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे गोष्टच तशी आहे.

लुडविक ग्रॉस कोण?

उंदरांचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, विषाणूमुळे होऊ शकतो हे दाखवणारे, पोलंडमधल्या क्राकुव शहरात १९०४ साली जन्मलेले डॉक्टर. तिथल्याच यागिएलोनियन विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेतली आणि १९३२पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कर्करोगावर संशोधन केलं. १९३९मध्ये हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं तेव्हा पोलंडमध्ये परतलेल्या ज्यू ग्रॉस यांना देश सोडून निघावं लागलं. १९४०मध्ये ते अमेरिकेत पोहोचले, पुढे तिथल्या सैन्याच्या वैद्यकीय दलात भरती झाले.

आता ऐका गंमत. सैन्यातल्या डॉक्टरला प्रयोगशाळा कोण देणार? ग्रॉसनी आपले उंदीर मोटारीच्या डिकीत ठेवले. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं यांचं बिऱ्हाड डिकीत. १९४४मध्ये त्यांची नेमणूक न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात झाली, आणि पुढची सगळी कारकीर्द त्यांनी तिथेच काढली. नावाजलेलं विद्यापीठ नाही, मोठी संशोधन संस्था नाही, एक सरकारी रुग्णालय. (याच रुग्णालयात रोझलिन यॅलो यांनीही काम केलं, ज्यांना १९७७चं नोबेल मिळालं. तेव्हा पत्त्यावरून माणसाची किंमत करू नये, एवढं खरं.)

उंदरांनाही ब्लड कॅन्सर होतो?

होतो. घरातल्या उंदरांत तो सहसा कोणाच्या नजरेला येत नाही, कारण ते तेवढं जगतच नाहीत. पण प्रयोगशाळेत भावाबहिणींचे पिढ्यान्‌पिढ्या संकर करून उंदरांचे ‘शुद्ध’ वंश तयार केले जातात. त्यांतल्या काही वंशांत एखादा रोग हमखास उमटतो. जेकब फर्थ या शास्त्रज्ञाने तयार केलेला एके वंश (आज याला एकेआर म्हणतात) त्यांपैकीच. यातल्या बहुसंख्य उंदरांना साधारण सहा महिने ते वर्षाच्या वयात ल्युकेमिया होतो. छातीतली थायमस ग्रंथी सुजते, मग प्लीहा, लसिका ग्रंथी, यकृत. उलट सीथ्रीएच नावाच्या दुसऱ्या वंशात ल्युकेमिया क्वचितच दिसतो.

हे सगळं ग्रॉस यांच्या आधीच माहीत होतं. रोग वंशात चालतो, म्हणजे तो आनुवंशिक. विषय संपला, असंच बहुतेकांना वाटत होतं.

मग ग्रॉस यांनी वेगळं काय केलं?

त्यांनी विचारलं, की वंशात चालणारी गोष्ट जनुकच असली पाहिजे असं कुठे आहे? आईकडून पिल्लाला एखादा विषाणूही मिळू शकतो.

हे पडताळण्याची रीत जुनी आणि सोपी होती. रोगी उंदराच्या ऊती वाटायच्या, जिवाणूही अडतील अशा बारीक गाळणीतून तो अर्क गाळायचा आणि निरोगी उंदराला टोचायचा. गाळणीतून एकही अख्खी पेशी जात नाही. तरीही रोग झाला, तर तो पेशींच्या कलमाने आलेला नाही, पेशीपेक्षा लहान अशा कशाने तरी आलेला आहे. कोपनहेगनमध्ये एलरमान आणि बांग यांनी १९०८मध्ये कोंबड्यांचा ल्युकेमिया असाच संक्रमित करून दाखवला होता. पेटन राउस यांनी १९११मध्ये कोंबडीची गाठ तशीच पसरवली. पण कोंबडी म्हणजे पक्षी. सस्तन प्राण्याच्या ल्युकेमियात ही रीत चालत नव्हती. ग्रॉस वर्षानुवर्षं टोचत राहिले, आणि सीथ्रीएच उंदीर मजेत जगत राहिले.

वाट सापडली ती एका वेगळ्याच व्याख्यानात. गिल्बर्ट डॉलडॉर्फ यांनी कॉक्सॅकी विषाणू शोधला होता, तो पोलिओसदृश आजाराच्या रुग्णांच्या शौचातून. हा विषाणू मोठ्या उंदरांना काहीच करत नाही, पण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना लुळं करतो. ग्रॉस यांच्या डोक्यात दिवा लागला. आपण चुकीच्या वयाचे उंदीर वापरतो आहोत!

त्यांनी काही तासांपूर्वी जन्मलेल्या सीथ्रीएच पिल्लांना एके उंदरांचा अर्क टोचला. नवजात पिल्लू म्हणजे केवढं, तर जेमतेम एक ग्रॅम वजनाचं, गुलाबी, डोळे मिटलेलं. त्याला सुई टोचायची आणि ते जगलं पाहिजे. जगलं तरी आई त्याला स्वीकारेलच असं नाही. मग महिनोन्‌महिने थांबायचं. पिल्लं वाढली, आणि त्यांतल्या काहींना ल्युकेमिया झाला. हे निष्कर्ष १९५१मध्ये प्रसिद्ध झाले.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग थोडा बाजूला पडतो. ग्रॉसनी फक्त आजारी उंदरांचाच अर्क वापरला नाही. एके वंशाच्या, अजून जन्मही न झालेल्या, दिसायला पूर्ण निरोगी गर्भांचा अर्कही टोचला. त्यानेही ल्युकेमिया झाला. म्हणजे रोगाचं बीज गर्भातच होतं, उंदीर आजारी पडण्याच्या कितीतरी आधी.

नवजात पिल्लूच का लागतं?

दोन कारणं. एक, पिल्लाची प्रतिकारशक्ती तयार झालेली नसते, त्यामुळे विषाणूला परका म्हणून ओळखलं जात नाही. दुसरं, हा विषाणू विभाजन होत असलेल्या पेशीतच नीट शिरकाव करतो. पेशी दुभंगताना केंद्रकाभोवतीचा पडदा विरतो, तेव्हाच त्याला आतल्या डीएनएपर्यंत पोहोचता येतं. पिल्लाच्या थायमसमध्ये पेशींची धामधूम चालू असते, म्हणजे विषाणूला दारं सताड उघडी.

एवढा मोठा शोध, मग लोकांनी मानला का नाही?

याला नुसता ‘मत्सर’ असं उत्तर देणं सोपं आहे. पण ते अर्धवट होईल.

पहिली अडचण अशी, की दुसऱ्या प्रयोगशाळांत प्रयोग जमेना. सीथ्रीएच हे एकच नाव असलं तरी वेगवेगळ्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या त्याच्या उपशाखा एकसारख्या राहिलेल्या नव्हत्या. काही उपशाखा विषाणूला दाद देत नव्हत्या. आपल्याकडे एकाच नावाचा आंबा रत्नागिरीत वेगळा लागतो आणि घाटावर वेगळा, तसलाच प्रकार. त्यातच पिल्लू थोडं मोठं झालं की संपलं. प्रयोग ज्यांनी केला नाही त्यांना वाटे, वय आणि वंश यांचे एवढे बारीक नियम म्हणजे पळवाट.

दुसरी अडचण जास्त गुंतागुंतीची होती. ग्रॉस यांच्या काही उंदरांना ल्युकेमिया न होता गालाजवळच्या लाळग्रंथींत गाठी आल्या. गालगुंड झाल्यावर सुजते ना, तीच ग्रंथी. टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं : एकाच अर्काने दोन भलतेच रोग कसे? ग्रॉसनी १९५३मध्ये दाखवलं, की अर्कात एक नव्हे, दोन घटक आहेत आणि ते वेगळे करता येतात. त्यातला दुसरा म्हणजे आज पॉलिओमा म्हणून ओळखला जाणारा विषाणू. सारा स्ट्युअर्ट आणि बर्निस एडी यांनी पुढे तो पेशींच्या कल्चरमध्ये वाढवला आणि त्यापासून अनेक प्रकारच्या गाठी होतात हे दाखवलं. नावही त्यावरूनच पडलं (पॉली म्हणजे अनेक, ओमा म्हणजे गाठ). ज्याला लोक गोंधळ म्हणत होते, तो दुसरा शोध निघाला.

मग ग्रॉसनी विषाणू एका उंदरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा फिरवत जास्त जोरदार प्रकार तयार केला. त्याला ते ‘पॅसेज ए’ म्हणत. याने टोचलेल्या बहुतेक उंदरांना दोन-तीन महिन्यांतच ल्युकेमिया होऊ लागला. फर्थ यांनीही, म्हणजे ज्यांनी मुळात हे उंदीर दिले त्यांनी, आपल्या प्रयोगशाळेत निष्कर्षाला दुजोरा दिला. एवढं झाल्यावर वाद हळूहळू विझला.

शार्लट फ्रेंड यांचं नाव नेहमी जोडीने का येतं?

कारण त्यांनी वयाची अट मोडून दाखवली. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत काम करताना त्यांना एक असा विषाणू मिळाला, जो पूर्ण वाढ झालेल्या स्विस उंदरांनाही ल्युकेमिया करायचा, तोही काही आठवड्यांत. १९५६मध्ये अमेरिकेच्या कर्करोग संशोधकांच्या सभेत त्यांनी तो मांडला तेव्हा सभागृहात चांगलाच विरोध झाला. पस्तिशीची, नुकती कुठे संशोधनात स्थिरावलेली बाई, आणि समोर हे असले श्रोते. १९५७मध्ये निबंध छापून आला आणि प्रयोग कुणालाही करता येण्याजोगा असल्यामुळे वर्ष-दोन वर्षांत पुष्टी मिळत गेली.

पुढे लक्षात आलं की ‘फ्रेंड विषाणू’ ही खरं तर जोडगोळी आहे. एक धडधाकट विषाणू आणि एक अधू. अधू विषाणू एकटा वाढू शकत नाही, पण त्याने बनवलेलं प्रथिन तांबड्या पेशींच्या पूर्वजांवर असलेल्या, एरिथ्रोपोएटिन या रक्तवाढीच्या हॉर्मोनचा संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं. पेशीला वाटतं शरीर आणखी रक्त मागतं आहे, आणि ती दुभंगतच राहते.

मोलोनी (१९६०) आणि राउशर (१९६२) यांचे विषाणूही याच कुळातले.

हे सगळे विषाणू ‘रेट्रोव्हायरस’ गटातले. यातलं ‘रेट्रो’ म्हणजे काय?

उलटा. पेशीत माहिती सहसा डीएनएकडून आरएनएकडे जाते. या विषाणूंची जनुकं आरएनएवर असतात आणि पेशीत शिरल्यावर त्या आरएनएवरून डीएनए बनतो, म्हणजे उलट्या दिशेने. मग तो डीएनए यजमानाच्या गुणसूत्रात जाऊन कायमचा बसतो.

हा उलटा प्रवास करवणारं विकर (एन्झाइम), रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, १९७०मध्ये सापडलं. हॉवर्ड टेमिन आणि सातोशी मिझुतानी यांना कोंबडीच्या राउस विषाणूत, तर डेव्हिड बाल्टिमोर यांना उंदराच्या राउशर ल्युकेमिया विषाणूत. दोन्ही निबंध ‘नेचर’च्या एकाच अंकात शेजारी शेजारी छापले गेले. टेमिन, बाल्टिमोर आणि रेनातो डुल्बेको यांना १९७५चं नोबेल मिळालं.

त्या विषाणूत कर्करोगाचं जनुक असतं का?

ग्रॉस यांच्या विषाणूत नसतं, आणि इथे बरेच जण गोंधळतात. त्याच्याकडे मुख्य तीनच जनुकं : आतला सांगाडा बनवणारं, विकरं बनवणारं आणि बाहेरचं कवच बनवणारं. सगळी मिळून आठ हजारांच्या आसपास अक्षरं. कर्करोगाचा एक शब्दही त्यात नाही.

घोळ होतो तो विषाणू बसतो कुठे त्यावरून. विषाणूच्या डीएनएच्या दोन्ही टोकांना ‘हे जनुक जोरात चालवा’ असा हुकूम देणारे भाग असतात. तो वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसला, की ते जनुक अवेळी आणि अवाजवी चालू होतं. लग्नाच्या मांडवातला लाउडस्पीकर शेजारच्या घराच्या खिडकीत लावावा, तसं. लाखो पेशींत लाखो ठिकाणी तो बसतो. त्यातली एखादी जागा घातक निघाली तरी पुरे. म्हणूनच रोग व्हायला महिने लागतात.

एके उंदरांत आणखी एक पायरी असते. त्यांच्यातला वारशाचा विषाणू आणि उंदराच्या डीएनएत दडलेले इतर विषाणूंचे तुकडे यांची सरमिसळ होऊन थायमसमध्ये नवा संकरित विषाणू तयार होतो. प्रत्यक्ष रोग घडवण्यात त्याचा मोठा हात असतो. लहानपणीच थायमस काढून टाकली, तर या उंदरांतला ल्युकेमिया बराच कमी होतो, हे तर १९४४मध्येच दिसलं होतं.

म्हणजे शेवटी रोग आनुवंशिक की संसर्गजन्य?

दोन्ही! एके उंदरांच्या गुणसूत्रांतच अख्खा विषाणू लिहिलेला आहे. एकेकाळी पूर्वजाला झालेला संसर्ग बीजपेशींत शिरला आणि पुढच्या पिढ्यांना केसांच्या रंगासारखा वारशाने मिळू लागला. ‘वंशात चालतो’ म्हणणारेही चुकले नव्हते आणि ‘विषाणू आहे’ म्हणणारे ग्रॉसही नाहीत.

आपल्या स्वतःच्या डीएनएतही सुमारे आठ टक्के भाग अशा जुन्या रेट्रोव्हायरसांचे अवशेष आहेत. बहुतेक मोडके, निकामी.

आमच्या घरात उंदीर फार आहेत. आम्हाला ब्लड कॅन्सर होईल का?

या विषाणूमुळे नाही. उंदरांचा बंदोबस्त जरूर करा, पण लेप्टोस्पायरोसिससाठी. पावसाळ्यात मुंबई-कोकणात त्याचं भय खरं आहे.

ग्रॉस, फ्रेंड, मोलोनी यांच्या विषाणूंना उंदराच्या पेशीवरचं एक विशिष्ट प्रथिन दार म्हणून लागतं. माणसातलं तेच प्रथिन थोडं वेगळं असल्यामुळे कुलूप उघडत नाही. याच कुळातले काही प्रकार प्रयोगशाळेत मानवी पेशींत शिरू शकतात, हे खरं. पण आपल्या रक्तातली आणि पेशींतली संरक्षणं त्यांना बऱ्यापैकी निकामी करतात.

पण मध्यंतरी असा विषाणू माणसांत सापडल्याची बातमी होती ना?

होती. एक्सएमआरव्ही. आधी प्रोस्टेटच्या कर्करोगात आणि मग २००९मध्ये दीर्घकाळ थकवा येण्याच्या आजारात तो सापडल्याचं जाहीर झालं. जगभर खळबळ उडाली, कॅनडा-ऑस्ट्रेलियासारख्या देशांनी या आजाराच्या रुग्णांचं रक्तदान थांबवलं. नंतर उलगडलं, की मानवी गाठ वाढवण्यासाठी ती उंदरांत ठेवली असताना उंदराच्या दोन दडलेल्या विषाणूंची सरमिसळ होऊन हा विषाणू प्रयोगशाळेतच जन्मला होता. बाकी सगळा नमुन्यांच्या भेसळीचा खेळ. २००९चा निबंध ‘सायन्स’ने २०११च्या अखेरीस मागे घेतला. वाईट वाटतं ते त्या रुग्णांचं. कुणीतरी अखेर आपल्या दुखण्याला नाव दिलं असं वाटलं होतं त्यांना.

माणसाला रेट्रोव्हायरसमुळे ल्युकेमिया होतच नाही का?

होतो, पण एका विशिष्ट प्रकारचा. एचटीएलव्ही-१ हा विषाणू १९८०मध्ये रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने जाहीर केला. जपानच्या नैर्ऋत्य भागात दिसणारा प्रौढांतला टी-पेशींचा (पांढऱ्या रक्तपेशींच्या एका प्रकाराचा) ल्युकेमिया त्यामुळे होतो. तो आईच्या दुधातून, शरीरसंबंधातून आणि रक्तातून पसरतो. लागण झालेल्यांपैकी थोड्यांनाच आणि तेही कित्येक दशकांनी रोग होतो. आपल्या आसपास दिसणारे बहुतेक ल्युकेमिया अशा विषाणूंमुळे होत नाहीत. तेव्हा घरात कुणाला ल्युकेमिया असेल तर त्यांचं ताट-वाटी वेगळं काढू नका. तो लागत नाही.

मग उंदरांच्या विषाणूवर इतकी वर्षं घालवून माणसाला काय मिळालं?

बरंच काही, पण ज्या दाराने येईल वाटलं होतं त्या दाराने नाही. १९६०-७०च्या काळात आशा अशी होती, की माणसाच्या ल्युकेमियाचाही विषाणू सापडेल आणि लस काढता येईल. ते झालं नाही.

झालं ते असं. १९७०मध्ये मोलोनी विषाणू टोचलेल्या एका उंदरातून एबलसन विषाणू मिळाला. त्याने उंदराच्या पेशीतलं ‘एबल’ नावाचं जनुक उचलून आणलं होतं. पुढे कळलं, की माणसाच्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात दोन गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन हेच जनुक बिघडतं. त्या बिघडलेल्या प्रथिनाला लगाम घालणारी इमॅटिनिबची गोळी २००१मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. पूर्वी ज्या रोगात काही वर्षांचीच मुदत असे, तिथे आता अनेक रुग्ण रोज गोळी घेऊन नोकरी-संसार सांभाळतात.

दुसरं, मोलोनी विषाणूचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. आरएनए तपासायचा तर आधी त्याचा डीएनए करावा लागतो, आणि त्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत या विकराचे सुधारित प्रकार वापरतात. कोविडच्या आरटी-पीसीआरमधलं ‘आरटी’ म्हणजे हीच उलटी पायरी. जनुकातलं एखादं अक्षर दुरुस्त करण्याच्या २०१९मधल्या प्राइम एडिटिंग तंत्रातही याच विषाणूचं विकर बसवलेलं आहे.

तिसरं, वाहन. विषाणूची स्वतःची जनुकं काढून त्या जागी औषधी जनुक भरायचं आणि रुग्णाच्या पेशींत पोहोचवायचं.

त्या जनुक-उपचारातून मुलांनाच ल्युकेमिया झाला होता, हे खरं?

खरं आहे, आणि ते लपवू नये. जन्मतः प्रतिकारशक्तीच नसलेल्या मुलांवर पॅरिस आणि लंडनमध्ये मोलोनी विषाणूच्या वाहनाने उपचार झाले. बहुतेक मुलं काचेबंद खोलीतून घरी गेली. पण काही वर्षांनी काहींना ल्युकेमिया झाला. २००८पर्यंत अशी पाच मुलं नोंदली गेली आणि त्यांतलं एक दगावलं. बहुतेकांत वाहन जाऊन बसलं होतं एलएमओ-२ या पेशींच्या वाढीशी संबंधित जनुकाच्या शेजारी. म्हणजे उंदरांत जे दिसलं होतं तेच. पुढच्या वाहनांतून ते हुकूम देणारे टोकाचे भाग निकामी करण्यात आले.

या क्षेत्रात मराठी माणसाचं काही काम?

कमल रणदिवे. जन्म १९१७, पुणे. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये काम केलं. त्यांचा मुख्य विषय उंदरांमधला स्तनाचा कर्करोग. दुधातून पिल्लांना मिळणारा तो विषाणूही रेट्रोव्हायरसच आहे, जॉन बिटनर यांनी १९३६मध्ये ज्याचा माग काढला तो. वंश, हॉर्मोन आणि विषाणू यांची सांगड कशी पडते हे रणदिवे तपासत होत्या. १९८२मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

ग्रॉस यांना नोबेल मिळालं?

नाही. वैद्यकीय संशोधनासाठीचा १९७४चा लास्कर पुरस्कार मिळाला. राउस यांना कोंबडीच्या प्रयोगासाठी पंचावन्न वर्षं थांबून १९६६मध्ये नोबेल मिळालं होतं. ग्रॉस यांच्या वाट्याला ते आलं नाही. माझ्या मते यायला हवं होतं. १९९९मध्ये, वयाच्या ९४व्या वर्षी ते गेले, पोटाच्या कर्करोगाने. फ्रेंड त्याआधीच, १९८७मध्ये, लिम्फोमाने, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाने, गेल्या होत्या.

ते एके उंदीर आता आहेत का?

आहेत. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेकडून आजही मागवता येतात. खोक्यातून येतात तेव्हा तरतरीत असतात, आणि विषाणू त्यांच्या गुणसूत्रांत बसूनच आलेला असतो.